आडवी चीर, उभे टाके

(वाचकांचे प्रश्न, सर्जनची उत्तरं)

प्रश्न : माझं वय २७. गाव बीड जिल्ह्यात, नोकरी चाकण एमआयडीसीत. मे महिन्यात लग्न झालं. लिंगाच्या खालच्या बाजूला कातडीचा जो धागा असतो तो माझा आखूड आहे. ताठरता आली की पुढचा भाग खाली ओढला जातो, हे लग्नाआधीही जाणवायचं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तो थोडा फाटला, चादरीवर रक्त पडलं. मी घाबरलो, पण कुणाला बोललो नाही. भरलं असं वाटलं म्हणून पुन्हा संबंध ठेवला, तर त्याच जागी पुन्हा फाटलं. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, ती लावतोय. आता तिथे पांढरट, कडक रेघ झाली आहे. रात्रपाळीचं निमित्त करून मी टाळतो आणि बायकोला वाटतं की ती मला आवडत नाही. सोबत काम करणारा मित्र म्हणतो, सुंता करावी लागेल. मोबाईलवर एक जण रोज ताणायला सांगतो, दुसरा दोरा बांधायला. गावाकडे एक जण म्हणाले, आयुर्वेदात यावर तेल आहे. ऑपरेशनशिवाय बरं होईल का? ऑपरेशन केलं तर संवेदना जाईल का? मूल होण्यात अडचण येईल का? सुट्टी किती दिवस लागेल?

उत्तर : सगळ्यात आधी बायकोला सांगा. आजच सांगा, आणि बोलायला जमत नसेल तर हे पान तिच्या हातात द्या. तुमच्या पत्रात मला जखमेपेक्षा जास्त टोचलं ते वाक्य हेच, की तिला वाटतं ती तुम्हाला आवडत नाही. कातडी पुढच्या दोन-तीन महिन्यांत ठीक होईल. न बोलता गेलेले हे महिने मात्र दोघांनाही विनाकारण सोसावे लागतील.

लग्नसराई संपली की जूनमध्ये माझ्या ओपीडीत तुमच्यासारखे तरुण येतात. केसपेपरवर बहुतेकांनी पोटदुखी लिहून घेतलेली असते. सिस्टर बाहेर गेल्या की मग खरी गोष्ट निघते. म्हणून आता लग्न ठरलेल्या वयाचा मुलगा पोटदुखी घेऊन आला आणि पोट मऊ लागलं, तर मीच दार लोटून घेतो आणि विचारतो, "खाली काही त्रास आहे का?" विचारलं की त्याचे खांदे सैल होतात. या त्रासात लपवण्यासारखं काही नाही. जन्मतः जीभ जशी कुणाची खालून बांधलेली असते, तशीच ही रचना. तुमच्या हातून काही चूक झाली म्हणून, हस्तमैथुनामुळे, किंवा 'धातू' गेल्यामुळे हे होत नाही. एसटी स्टँडच्या मुतारीत ज्यांच्या जाहिराती चिकटवलेल्या असतात त्यांच्याकडे यासाठी एक रुपयाही देऊ नका.

आता धाग्याबद्दल. शिश्नमुंडाच्या, म्हणजे लिंगाच्या पुढच्या गोल भागाच्या, खालच्या बाजूने, लघवीच्या छिद्राच्या जरा खालून निघून पुढच्या कातडीच्या आतल्या अंगाला मिळणारी ही पट्टी. डॉक्टर तिला फ्रेन्युलम म्हणतात. कातडी मागे गेली की ती पुन्हा पुढे येण्यासाठी तिची मदत होते. तिच्यात एक बारीक धमनी असते, म्हणून एवढ्याशा जागेतून एवढं रक्त येतं आणि माणूस हबकतो. पट्टी आखूड असली की ताठरतेत मुंड खाली झुकतं, आणि कोरडेपणात किंवा घाईत ती फाटते. पूर्ण फाटून नीट भरली तर काही जणांचा प्रश्न तिथेच मिटतो. अर्धवट फाटली, भरायच्या आत पुन्हा फाटली, की तिथे व्रण तयार होतो. व्रणाच्या कातडीत लवचिकता नसते, ती आक्रसते. म्हणजे दर वेळी धागा आधीपेक्षा थोडा आखूड आणि कडक होतो. तुमच्याकडे तीच साखळी सुरू झालेली दिसते. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर ही साखळी आधी थांबवण्यात आहे.

तेव्हा पहिले सहा आठवडे संबंध नको आणि हस्तमैथुनही नको. वरून मिटलेली जखम आतून पक्की झालेली नसते. दोनदा फाटलं ते त्यामुळेच. रोज साध्या कोमट पाण्याने धुवा, हलकं टिपून घ्या, व्हॅसलीनसारखं साधं मलम बोटाच्या टोकावर घेऊन लावा आणि कातडी पुन्हा पुढे आणून ठेवा. डेटॉल, सॅव्हलॉन, हळद, टूथपेस्ट, काही नको. मेडिकलवाल्याची ट्यूब आजपासून बंद करा आणि डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या. आपल्याकडे अशा वेळी बहुधा तीन-चार औषधांची मिश्र ट्यूब हातात पडते. त्यात जोरकस स्टेरॉइड असतं, बुरशीचं औषध असतं, अँटिबायोटिक असतं. जांघेतल्या गजकर्णाला लोक तीच लावतात आणि तो महिनोन्‌महिने चिघळवतात. उघड्या जखमेवर जोरकस स्टेरॉइड लावलं तर जखम भरायला वेळ लागतो आणि कातडी पातळ होते. पातळ कातडी पुन्हा फाटते.

आणि समजा पुन्हा रक्त आलंच, तर स्वच्छ सुती कापडाने ती जागा अंगठा आणि तर्जनीत धरून घड्याळ लावून दहा मिनिटं दाबा. मध्येच उघडून बघायचं नाही. बहुतेक वेळा तेवढ्याने थांबतं. नाही थांबलं तर आणखी दहा मिनिटं. तरीही वाहत असेल तर रात्र असो की पहाट, जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं. तिथे एखाद्या टाक्याचं काम असतं.

ऑपरेशनशिवाय बरं होईल का, याचं उत्तर धाग्याच्या जातीवर आहे. धागा पातळ, मऊ, गुलाबी असेल आणि थोडाच आखूड असेल तर होऊ शकतं. जखम पूर्ण भरल्यानंतर, अंघोळीनंतर कातडी मऊ असताना, एका हाताने मुंड हलकं धरायचं आणि दुसऱ्या हाताने दांड्यावरची कातडी मुळाकडे न्यायची. ओढ जाणवेल इथपर्यंत जायचं, दुखेल तिथे थांबायचं. अर्धा मिनिट धरा, सोडा, पुन्हा करा. दिवसातून दोनदा, चार-पाच मिनिटं पुरे. जोर लावून काही लवकर होत नाही, उलट फाटतं आणि पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. जोडीला डॉक्टर कधी बीटामेथासोन नावाचं, दुसरं औषध न मिसळलेलं स्टेरॉइड मलम चार ते सहा आठवडे पातळसं लावायला देतात. कातडीचं तोंडच अरुंद असतं तेव्हा या मलमाचा गुण चांगला येतो, हे बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. नुसत्या आखूड धाग्याला त्याचा उपयोग तेवढा भरवशाचा नाही, हे मी माझ्या रुग्णांना आधीच सांगतो. तपासल्याशिवाय, बुरशी नाही हे पाहिल्याशिवाय ते लावू नये.

संबंधाच्या वेळी ओलावा पुरेसा असणं, पाण्यात विरघळणारी जेली वापरणं आणि वेगाचा ताबा दोघांकडे असणं, यानेही पुष्कळ फरक पडतो. निरोध वापरत असाल तर खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावू नका, तेलाने रबर कमजोर होऊन फाटतं. निरोध न वापरता खोबरेल चालतं.

पण तुमच्या पत्रातली पांढरट कडक रेघ माझ्या मनात अडकली आहे. व्रणाची पट्टी ताणून सैल झालेली मी क्वचितच पाहिली. माझा अंदाज असा, की तुम्हाला छोटं ऑपरेशन लागेल. तरी आधी सहा आठवडे शांत जाऊ द्या आणि मग तपासून ठरवा, कारण सुजलेल्या, ताज्या जखमेवर ऑपरेशन करण्यापेक्षा बसलेल्या कातडीवर केलेलं नीट भरतं. आणखी एक गोष्ट तपासून घ्या. पांढरेपणा फक्त रेघेपुरता आहे, की मुंडावर आणि कातडीच्या कडेवरही चकचकीत, कागदासारखे पांढरे चट्टे आहेत? तसे असतील तर तो लायकेन स्क्लेरोसस नावाचा वेगळा आजार असू शकतो. त्याचे उपचार वेगळे आहेत, आणि नुसता धागा सैल करून तो जात नाही.

दोरा बांधण्याबद्दल मला रागाने लिहावं लागतंय. धाग्याभोवती दोरा आवळून तो हळूहळू 'आपोआप' तुटू देण्याचे व्हिडिओ फिरतात. उसाच्या ट्रॅक्टरवर काम करणारा एक पोरगा माझ्याकडे असा दोरा तसाच घेऊन आला होता. सगळं सुजलेलं, पू, ताप. आठवडाभराची मजुरी बुडाली ती वेगळीच, आणि जे काम अर्ध्या तासात झालं असतं ते जंतुसंसर्ग ओसरेपर्यंत करता आलं नाही. ब्लेडने स्वतः कापणारेही येतात. त्या जागी धमनी आहे आणि तिच्या मागेच मूत्रमार्ग आहे. कृपा करून घरी हात लावू नका.

आयुर्वेदाचं विचारलंत म्हणून सांगतो. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांच्या, म्हणजे किरकोळ आजारांच्या, अध्यायात कातडी फाटण्याला अवपाटिका, मागे जाऊन अडकण्याला परिवर्तिका आणि तोंड अरुंद असण्याला निरुद्धप्रकश म्हटलं आहे. अवपाटिकेची कारणं वाचली तर जोराने कातडी उलटवणं आणि संभोगातली ओढाताण तिथे स्पष्ट दिली आहे. अरुंद तोंडासाठी तूप लावलेली नळी घालून दर तीन दिवसांनी अधिक जाड नळी वापरायला सांगितलं आहे, म्हणजे हळूहळू ताणणंच. तेल-तुपाने कातडी मऊ राहते, एवढा उपयोग मी मान्य करतो. कुठल्याही तेलाने व्रणाची पट्टी लांब होत नाही. आणि सुश्रुत स्वतः शल्यकर्म करणारे होते, हे तेल विकणाऱ्याला आठवण करून द्या.

आता ऑपरेशन. तुमच्या मित्राला वाटतं तसं सुंता हा एकच मार्ग नाही, आणि तुमच्यासारख्या केसमध्ये तो पहिला तर नाहीच. नुसता धागा सैल करण्याच्या ऑपरेशनला फ्रेन्युलोप्लास्टी म्हणतात. त्यातली सगळी युक्ती एका ओळीत मावते : आडवी चीर, उभे टाके. धाग्यावर आडवा छेद दिला की तो उघडून चौकटीसारखा होतो, आणि तोच छेद उभा शिवला की रुंदीतली कातडी लांबीत येते. आखूड पडलेली बाही शिंपी जशी दुसऱ्या बाजूचं कापड वळवून लांब करतो, तसं. व्रण जास्त असेल तर तो कापून काढतात, किंवा झेडच्या आकाराचे छेद घेऊन कातडीचे दोन तुकडे अदलाबदल करून शिवतात, म्हणजे नवा व्रण सरळ रेषेत आक्रसत नाही. नुसता धागा कापून सोडून देणं हाही एक प्रकार आहे. तो झटपट होतो, पण मला टाके घालून लांबी मिळवणं जास्त पटतं, कारण उघडी सोडलेली जागा पुन्हा आक्रसू शकते.

हे लिंगाच्या मुळाशी भुलीची सुई देऊन होतं. ती सुई चिमटा काढल्यासारखी टोचते, नंतर ओढ जाणवते पण दुखत नाही. टेबलावर अर्धा तास, तासा-दोन तासांनी घरी. आधी रक्तातली साखर, रक्त गोठण्याची तपासणी, एचआयव्ही आणि काविळीच्या तपासण्या सांगतील. त्या सगळ्यांच्याच करतात, त्यात संशय नसतो. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती लपवू नका. टाके विरघळणारे असतात, दोन-तीन आठवड्यांत गळून पडतात, काढावे लागत नाहीत.

लोक जे विचारत नाहीत ते मी आधीच सांगतो. पहिल्या काही रात्री झोपेत ताठरता येते आणि टाके ओढतात. त्याने जाग येते. प्रत्येक निरोगी पुरुषाला झोपेत ताठरता येते, ती तुम्हाला थांबवता येणार नाही. झोपताना लघवी करून झोपा, जाग आली तर उठून चार पावलं चाला, दुखण्यावरची गोळी घ्या. टाके क्वचितच तुटतात. अंडरवेअर जरा घट्ट घाला आणि लिंग वरच्या दिशेला ठेवा, सूज कमी राहते. जखमेवरचं ड्रेसिंग एक-दोन दिवसांनी काढतात, मग अंघोळ करता येते. आठवडाभर थोडी सूज आणि निळसरपणा दिसतो, त्याने घाबरू नका. सूज वाढतच गेली, पू आला, ताप आला किंवा रक्त थांबेना, तर लगेच परत या.

सुट्टी दोन-तीन दिवसांची घ्या. उभ्याने मशीनवर काम असेल तर तेवढी पुरते, जड उचलायचं असेल तर आठवडा. मोटारसायकल तेवढे दिवस बाजूला. संबंध आणि हस्तमैथुन मात्र चार ते सहा आठवडे अजिबात नाही. ऑपरेशन फसतं ते बहुधा इथेच, तिसऱ्या आठवड्यात सगळं छान वाटायला लागतं तेव्हा.

संवेदना जाते का? ही जागा नाजूक आणि संवेदनशील आहे, हे खरं. बहुतेकांना नंतर काही कमी झाल्यासारखं वाटत नाही, उलट दुखण्याची भीती गेल्याने सुख वाढतं. काही थोड्यांना व्रणाच्या जागी बधिरपणा किंवा हुळहुळेपणा काही महिने राहतो. कधी धागा पुन्हा आक्रसतो आणि दुसऱ्यांदा ऑपरेशन किंवा शेवटी सुंता करावी लागते. हे ऐकून मग निर्णय घ्या. मूल होण्याशी याचा संबंध नाही. वीर्य, हार्मोन, ताठरता यांना धक्का लागत नाही. लवकर वीर्यपतन होणाऱ्या काहींना धागा सैल केल्यावर फरक पडतो, पण फक्त तेवढ्यासाठी ऑपरेशन करू नये असं माझं मत आहे.

सुंता कधी? कातडीचं तोंडच अरुंद असेल, ते पांढरे चट्टे असतील, जंतुसंसर्ग वारंवार होत असेल, किंवा आधीची फ्रेन्युलोप्लास्टी फसली असेल तर. तेव्हा ती चांगली आणि कायमची आहे, तिच्याविषयी मनात काही किल्मिष ठेवायचं कारण नाही. पण साध्या आखूड धाग्यासाठी आलेल्या माणसाला थेट 'लेझर' किंवा 'स्टेपलर' सुंतेचं पॅकेज दिलं जातं तेव्हा मला वाईट वाटतं. लेझर आणि स्टेपलर ही कापण्या-शिवण्याची साधनं आहेत, आजार कोणता आहे हे ती ठरवत नाहीत. सर्जनला सरळ विचारा, "फक्त धागा सैल करणार की सगळी कातडी काढणार? फक्त धागा का चालणार नाही?" सहीच्या कागदावर ऑपरेशनचं नाव काय लिहिलंय ते वाचा, कळलं नाही तर मराठीत लिहून मागा. मगच सही करा. जनरल सर्जन किंवा युरॉलॉजिस्ट, दोघेही हे करतात. खर्चाची अडचण असेल तर पुण्यात ससूनच्या किंवा बीडला जिल्हा रुग्णालयाच्या सर्जरी ओपीडीत दाखवा.

आणि तपासायला जाताना बायकोला सोबत न्या. सहा आठवडे थांबायचं दोघांना आहे, तर डॉक्टरांचं बोलणं दोघांनी ऐकलेलं बरं.

प्रश्न : माझ्या यजमानांचं वय ५१. गेल्या काही महिन्यांपासून त्यांच्या पुढच्या कातडीला चिरा पडतात, आग होते, कातडी मागे घेताना त्रास होतो. आधी असं कधी नव्हतं. धागा घट्ट झाला असेल का? त्यांना तेलाने ताणायला सांगू का?

उत्तर : ताणायला सांगू नका, ताई. पन्नाशीत नव्याने असं सुरू झालं तर माझं पहिलं बोट साखरेवर जातं. उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी, एवढं या आठवड्यात करून घ्या. साखर वाढलेली असली की तिथे बुरशी वाढते आणि कातडीच्या कडेला अशा उभ्या चिरा पडतात. मधुमेहाचं निदान याच तक्रारीवरून झालेले कितीतरी जण मला आठवतात.

मधुमेह आधीपासून असेल आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल, तर ती साखर लघवीवाटे बाहेर टाकते, आणि त्यानेही बुरशी होते. गोळ्या फार चांगल्या आहेत, स्वतःहून बंद करू नका, फक्त डॉक्टरांना हे सांगा. लघवीनंतर पाण्याने धुऊन कोरडं करायची सवय लावा. बुरशीचं औषध तुम्हालाही लागेल का ते विचारा, खाज असेल तर लागेल. साखर ताब्यात येऊनही कातडी उघडेना झाली, तर त्यांच्या बाबतीत सुंता हाच सरळ मार्ग ठरू शकतो, पण आधी साखर.

प्रश्न : मुलगा ४ वर्षांचा आहे. त्याची कातडी मागे जात नाही. सासूबाई म्हणतात, रोज अंघोळीच्या वेळी ओढून मागे कर, नाहीतर मोठेपणी त्रास होईल. तो रडतो. काय करू?

उत्तर : ओढू नका. या वयात कातडी मुंडाला आतून चिकटलेली असणं नैसर्गिक आहे, ती वाढत्या वयाबरोबर आपोआप सुटते, काहींची वयात येईपर्यंत. ओढून फाटली तर व्रण होतो, आणि ज्या त्रासाला सासूबाई घाबरतात तोच होतो. त्यांना माझं नाव सांगून हे वाचून दाखवा, त्या नातवाच्या काळजीनेच बोलतात. बाहेरून पाण्याने धुणं पुरे. लघवी करताना कातडी फुग्यासारखी फुगून धार बारीक येत असेल, वारंवार लाल होऊन दुखत असेल किंवा ताप येत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

एकच गोष्ट तातडीची. कुणी ओढल्यामुळे किंवा खेळताना कातडी मागे गेली, पुढे येईना आणि पुढचा भाग सुजू लागला, तर सकाळची वाट बघायची नाही. मुलगा असो की मोठा माणूस, तासाभरात हॉस्पिटल गाठा. लवकर आलं तर हाताने दाबून पुढे आणता येते, उशीर झाला तर कापावी लागते.